तिसरी फिन: नॅराबीनचा सायमन अँडरसन आणि १९८०-८१चा थ्रस्टर

१९८०च्या ऑक्टोबरात सिडनीतल्या नॅराबीनच्या सायमन अँडरसन या सर्फरच्या नजरेला एक सर्फबोर्ड, म्हणजे लाटांवर उभं राहून धावायची फळी, पडला. बोर्ड फ्रँक विल्यम्स नावाच्या दुसऱ्या एका ऑस्ट्रेलियन सर्फरचा. तळाला दोन फिन्स (पाण्यात उतरणाऱ्या छोट्या उभ्या पट्ट्या), म्हणजे त्या वर्षी ज्याच्या-त्याच्या बोर्डाला असायच्या तशाच. पण शेपटीच्या टोकाशी, बरोबर मधोमध, अर्धचंद्राच्या आकाराचा एक चिमुकला तुकडा आणखी बसवलेला होता. विल्यम्स त्याला 'ट्रिगर पॉइंट' म्हणायचा. दोन फिन्सचा बोर्ड ऐन वळणावर घसरतो, तो थोडा आवरावा एवढाच त्या तुकड्याचा उपयोग.

अँडरसनने त्यावरून पुढचा विचार केला. एवढासा तुकडा शेपटी आवरत असेल, तर तिथे पुरती फिनच का बसवू नये? आणि ती बसवायची, तर तिन्ही एकाच मापाच्या का नकोत? त्याने तसा बोर्ड केला आणि त्याला नाव दिलं 'थ्रस्टर'. आज जगातल्या कुठल्याही सर्फच्या दुकानात शिरा, छोट्या बोर्डांच्या रांगेत बहुतेकांच्या तळाला हीच मांडणी दिसेल.

सर्फर मंडळी ही गोष्ट फार प्रेमाने सांगतात, आणि सांगता सांगता तिची दंतकथा करून टाकतात. मी पंपांच्या धंद्यातला माणूस. इंपेलरच्या, म्हणजे पंपातल्या फिरत्या चाकाच्या, पात्याचा कोन अंशभर हलवायचा, चाचणी लावायची आणि आकडे येईपर्यंत चहा पीत बसायचं, यात माझी वीस वर्षं गेली. सिडनीत आल्यावर मुलाच्या नादाने सर्फिंगला लागलो आणि बोर्ड उलटा करून बघायची खोड जडली. म्हणून हे प्रकरण मला प्रयोग म्हणून तपासायचं होतं. नेमकी अडचण कोणती होती, काय बदललं, आणि त्यातून सिद्ध काय झालं?

फिन म्हणजे सुकाणू नव्हे

आधी एक गैरसमज. फिनला मराठीत कुणी सुकाणू म्हणतं, ते चूक. सुकाणू वळतं, फिन वळत नाही. ती बोर्डाला घट्ट बसलेली असते आणि वळवायचं काम पायांचं. जवळचा शब्द शोधायचा तर होडीच्या तळाचा कणा. होडी वाऱ्याने आडवी सरकू नये म्हणून कणा पाण्याला धरून ठेवतो, फिनही तेच करते. माशाचा पर म्हणालात तरी चालेल, आणि ती उपमा नुसती शोभेची नाही, हे पुढे येईलच.

फिन नव्हती तेव्हाचे हवाईतले लाकडी बोर्ड वळवायला लोक मागचा पाय पाण्यात सोडून ओढत नेत. १९३५ मध्ये टॉम ब्लेक या अमेरिकन माणसाने एका टाकून दिलेल्या स्पीडबोटीचा धातूचा कणा काढला आणि हवाईतल्या वायकीकीत आपल्या बोर्डाच्या तळाला बसवला. जेमतेम चार इंच खोल आणि फूटभर लांब. बोर्ड सरळ धावायला लागला, शेपटी जागेवर राहायला लागली. पुढे अनेक वर्षं फिन म्हणजे एक जाडजूड पाचर, यापलीकडे फारसं कुणी गेलं नाही. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात बॉब सिमन्सने दोन फिन्सचे बोर्ड केले, पण तो १९५४ मध्ये लाटांतच गेला आणि त्याचा धागा तिथेच तुटला.

साठच्या दशकात जॉर्ज ग्रीनो आला. हा गुडघ्यांवर बसून लाटा चालवणारा कॅलिफोर्नियाचा विक्षिप्त कारागीर. त्याने ट्यूनाच्या, म्हणजे आपल्या कुप्याच्या, शेपटीकडे बघितलं. उंच, अरुंद, मागे झुकलेली आणि टोकाकडे पातळ होत गेलेली. त्याच्या फिन्स तशा झाल्या, वळणावर किंचित लवणाऱ्या. १९६६ मध्ये सान दिएगोला ऑस्ट्रेलियाच्या नॅट यंगने जागतिक स्पर्धा जिंकली, ती ग्रीनोच्या धर्तीची फिन लावलेल्या बोर्डावर. तेव्हापासून फिन हे पातं आहे, विमानाच्या पंखाचं भावंड आहे, हे लोकांच्या डोक्यात बसलं.

पातं म्हणजे काय ते स्वयंपाकघरात बघता येतं. नळ सोडा. चमचा दांड्याच्या टोकाला दोन बोटांत सैल लोंबता धरा आणि त्याची फुगीर पाठ हळूच धारेला लावा. पाणी चमच्याला ढकलून देईल असं वाटतं, पण चमचा धारेत ओढला जातो. वक्र पाठीवरून जाताना पाणी वळतं आणि ते वळण्याची किंमत चमचा मोजतो. बाजूच्या फिन्स साधारण अशाच घडवतात, बाहेरची पाठ फुगीर आणि आतली सपाट. मधली मात्र दोन्हीकडून सारखी, कारण तिला डावं-उजवं करून चालत नाही.

सव्वासहा फुटी माणसाची अडचण

सत्तरच्या दशकात बोर्ड आखूड झाले, फिन मात्र एकच राहिली. मग मार्क रिचर्ड्स हा ऑस्ट्रेलियन सर्फर आला. १९७६ मध्ये सिडनीच्या स्पर्धेत त्याने हवाईच्या रेनो अबेलिराचा बुटका, दोन फिन्सचा बोर्ड पाहिला आणि पुढच्या वर्षी त्याची आपली आवृत्ती केली. छोट्या लाटांवर हा बोर्ड भिंगरीसारखा फिरायचा. रिचर्ड्सने १९७९ ते १९८२ अशी सलग चार वर्षं जागतिक अजिंक्यपद घेतलं. त्यामुळे १९८० मध्ये स्पर्धेत उतरायचं तर बोर्डाला दोन फिन्स हव्यातच, असा जवळजवळ नियमच झाला होता.

अँडरसन तेव्हा पंचविशी ओलांडलेला. सव्वासहा फूट उंच, अंगाने दणकट, वळणात सगळं वजन मागच्या पायावर टाकणारा. १९७७ मध्ये व्हिक्टोरियातली बेल्स बीचची स्पर्धा आणि सिडनीची कोक सर्फअबाउट, दोन्ही त्याने जिंकल्या होत्या, तेही एका फिनच्या बोर्डावर. पण दोन फिन्सवाल्यांपुढे, म्हणजे जोडफिनवाल्यांपुढे, एका फिनचा बोर्ड छोट्या लाटांत मठ्ठ वाटायला लागला, आणि त्याने स्वतः जोडफिन घेतली तर ती त्याच्या पायाखालून निसटायची.

का निसटायची? वळताना बोर्ड एका कडेवर कलतो. त्या बाजूची फिन खोल जाते, दुसरी पाण्याच्या पृष्ठभागाकडे उचलली जाते. म्हणजे ऐन जोराच्या क्षणी सगळा भार एकाच पात्यावर. पात्याला पाणी किती तिरकं येतं त्यावर त्याचा जोर वाढत जातो, पण एका मर्यादेपर्यंतच. त्यापुढे पाणी पात्याची पाठ सोडतं आणि जोर एकदम कोसळतो. विमानवाले ज्याला स्टॉल म्हणतात तेच हे. रिचर्ड्सने आपली जोडफिन स्वतःच घडवलेली, त्यामुळे तो ही मर्यादा बोटभर अलीकडे ओळखून सांभाळायचा. अँडरसन पाय रोवून ढकलायचा आणि मर्यादा ओलांडायचा. त्यातून पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट तर जोर चौपट. लाट मोठी झाली की हिशेब आणखीच बिघडायचा.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. जोडफिन वाईट नव्हती. ती एका विशिष्ट वजनाला, एका विशिष्ट सवयीला मानवत नव्हती. आमच्याकडेही पंप नापास होतो तेव्हा बहुतेक वेळा पंप बरा असतो, पाइपलाइन वेगळी असते.

त्याने काय काय हलवलं

अँडरसनच्या तिन्ही फिन्स सारख्या मापाच्या होत्या आणि त्यातली प्रत्येक जोडफिनच्या फिनपेक्षा लहान. हा मुद्दा गोष्ट सांगताना हमखास गळतो. दोन मोठ्या फिन्स तशाच ठेवून मागे तिसरी मोठी लावली असती, तर बोर्ड चिखलात रुतल्यासारखा झाला असता. त्याने भार वाटून दिला. पुढच्या दोघी कडेजवळ, मागची एकटी शेपटीजवळ, मधोमध. बोर्ड कलला की कडेची एक आणि मधली एक, अशा दोन पात्यांवर जोर येतो, आणि मधली बरीच मागे असल्यामुळे तिला लांब दांड्याचा फायदा मिळतो. शेपटी बाहेर फेकली जाऊ लागली की ती थोड्याच जोराने तिला आवरते.

आजच्या साध्या थ्रस्टरची मापं सांगतो, म्हणजे चित्र डोळ्यांपुढे येईल. शेपटीच्या टोकापासून मागच्या फिनच्या मागल्या कडेपर्यंत साधारण ३ ते ३.५ इंच, पुढच्या दोघींपर्यंत साधारण ११ इंच. पुढच्या दोघींची तोंडं बोर्डाच्या नाकाकडे, म्हणजे किंचित आत, पाव इंचाच्या आसपास वळलेली. शिवाय त्या सरळ उभ्या नसतात, काही अंश बाहेर कललेल्या असतात. तोंड आत वळवल्याने सरळ धावताना पाणी थोडं जास्त अडतं, पण वळायला सुरुवात करताच त्या लगेच पकड घेतात. सगळा संच अर्धा इंच पुढे नेला तर बोर्ड मोकळा होतो, मागे नेला तर ताठ. आणि अर्धा इंच हा इथे फार मोठा आकडा आहे.

आता प्रयोग म्हणून यातली खोट. अँडरसनने फिन्सबरोबर बोर्डाचा आकारही बदलला. नाक अरुंद केलं, शेपटी चौकोनी ठेवली. म्हणजे एका चाचणीत तीन-चार गोष्टी हलल्या. माझ्या लॅबमध्ये कुणी असा रिपोर्ट आणला असता तर मी तो परत पाठवला असता. पण त्याला रिपोर्ट लिहायचा नव्हता, त्याला पुढच्या स्पर्धेत पडायचं नव्हतं. शिवाय तेव्हा फिन्स बोर्डाला रेझिन आणि फायबरग्लासने कायमच्या चिकटवत. जागा इंचभर हलवायची तर ग्राइंडरने फिन उडवा, तळ घासा, पुन्हा चिकटवा, पुन्हा सुकवा, नाहीतर सरळ नवा बोर्ड करा. एकेक गोष्ट सुटी करून तपासायची चैन शेपरला, म्हणजे बोर्ड घडवणाऱ्या कारागिराला, परवडणारी नव्हती. अँडरसन स्वतःच शेपर होता, आणि नॅराबीनपासून जवळच्या ब्रुकव्हेलमध्ये बोर्डांचे कारखाने दाटीवाटीने होते, म्हणून त्याच्या बाबतीत कल्पनेपासून पाण्यापर्यंतचं अंतर इतकं कमी पडलं.

तीन फिन्स त्याच्या आधीही होत्या. कॅलिफोर्नियातल्या ऑक्सनर्डच्या कॅम्पबेल बंधूंनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच 'बॉन्झर' केला होता. मधे एक मोठी फिन, दोन्ही बाजूंना लांबट आडव्या पट्ट्या आणि तळाला खोलगट पन्हळी. तो बोर्ड अजूनही चालतो, त्याचे भक्तही आहेत. पण त्यात मधली राणी आणि बाजूच्या दासी. अँडरसनने तिघींना समान केलं, नावीन्य तिथे आहे.

एलन की आणि वाळू

नुसतं वाचून समाधान होईना म्हणून मी स्वतः करून पाहिलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात काढता-घालता येणाऱ्या फिन्स निघाल्या, त्यामुळे अँडरसनला ज्याला काही दिवस लागले असते ते मला गाडीच्या डिकीत पाच मिनिटांत करता आलं. मुलाचा जुना थ्रस्टर घेतला, एलन कीने, म्हणजे छोट्या षटकोनी पान्याने, मधल्या फिनचे दोन्ही स्क्रू सैल केले आणि फिन काढून खिशात टाकली. एक स्क्रू निघून वाळूत पडला. हा स्क्रू गव्हाच्या दाण्याएवढा असतो. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून अर्धा तास वाळू चाळत होतो आणि शेजारून जाणारी कुत्री आमच्याकडे बघत होती.

कमरेएवढ्या लाटा. पहिल्या लाटेवर उभा राहिलो तर बोर्ड नेहमीपेक्षा हलका धावला, जणू हँडब्रेक काढला. लाटेच्या तळाशी येऊन वर वळायला मागचा पाय दाबला आणि शेपटी माझ्या खालून किनाऱ्याकडे निघून गेली. मी बसकण मारली. दुसऱ्या लाटेवर तेच. तिसऱ्या लाटेला पाय कमी दाबला, नुसतं अंग कलवलं, तेव्हा वळण झालं, मोठ्या कमानीचं आणि आळशी. मग बाहेर येऊन मागे एक बोटभर उंचीची छोटी फिन लावली. वेग थोडा गेला, पण शेपटी जवळपास गप्प झाली. शेवटी मूळची पूर्ण फिन. आता कितीही दाबा, बोर्ड हूं की चूं करत नव्हता. अर्थात मी जेवढं दाबू शकतो त्याला दाबणं म्हणावं का, हा प्रश्न मुलाने विचारलाच.

तेवढ्यात भरती चढली होती आणि लाटा बदलल्या होत्या, त्यामुळे माझाही प्रयोग अँडरसनच्या प्रयोगाइतकाच अशुद्ध. आणखी एक. मधली फिन काढलेला थ्रस्टर म्हणजे खरी जोडफिन नव्हे. उरलेल्या दोघी लहान असतात आणि त्यांची जागा तीन फिन्सचा हिशेब धरून ठरवलेली असते. खऱ्या जोडफिनच्या दोघी मोठ्या असतात. म्हणून मी अनुभवलेली घसरण रिचर्ड्सच्या बोर्डाच्या नावावर खपवणं अन्यायाचं होईल. पण छोट्या फिनपासून मोठ्या फिनपर्यंतचा जो फरक पायाला कळला, तो विल्यम्सच्या तुकड्यापासून अँडरसनच्या फिनपर्यंतचाच.

बेल्सचा ईस्टर

१९८१च्या ईस्टरला व्हिक्टोरियातल्या टॉर्कीजवळ, बेल्स बीचवर स्पर्धा होती आणि समुद्र खवळला. बेल्सच्या इतिहासात आजही मोजतात अशा, पंधरा फुटांच्या आसपासच्या लाटा. छोट्या लाटांसाठी केलेले बोर्ड तिथे उघडे पडले. त्या पाण्यात अँडरसन थ्रस्टर घेऊन उतरला, पाय रोवून ढकलत राहिला, आणि स्पर्धा जिंकला. पाठोपाठ सर्फअबाउटही त्याने घेतला. डिसेंबरात हवाईला, पाइपलाइन नावाच्या लाटेवर, पाइपलाइन मास्टर्स ही स्पर्धा. उथळ खडकावर नळीसारखी गुंडाळणारी ती लाट म्हणजे सर्फिंगमधला सगळ्यांत कडक परीक्षक. तीही त्याने जिंकली. मोठी लाट, मधली लाट, नळीची लाट, एकाच वर्षात सगळे पेपर सुटले. हे खेळणं छोट्या लाटांपुरतंच आहे म्हणणाऱ्यांना बोलायला जागा उरली नाही.

पण त्या वर्षीचं जागतिक अजिंक्यपद कुणाला मिळालं? मार्क रिचर्ड्सला, दोन फिन्सवर. पुढच्या वर्षी पुन्हा त्यालाच. नुसत्या निकालांवर न्याय करायचा तर जोडफिन हरलीच नव्हती. मला इथेच या प्रकरणाचा खरा गाभा दिसतो. सर्वोत्तम माणूस जुन्या साधनावर अजून जिंकत असताना बाकी सगळे नव्याकडे वळले, कारण बाकी कुणी रिचर्ड्स नव्हतं. थ्रस्टर चूक पोटात घालतो. जरा जास्त दाबलं, जरा उशिरा वळलं, वजन दोन इंच मागे पडलं, तरी शेपटी जागेवर राहते. अँडरसनने आपल्या आडव्यातिडव्या ताकदीसाठी केलेलं औषध लाखो साधारण सर्फरांना लागू पडलं, कारण त्यांचीही तक्रार तीच होती, फक्त कारण वेगळं. त्याच्याकडे जोर जास्त होता, आमच्याकडे अक्कल कमी.

चेन होरनचं उदाहरण याच्या बाजूला ठेवून बघण्यासारखं आहे. हा जागतिक क्रमवारीत चार वेळा दुसरा आलेला सिडनीचा हुशार पोरगा. सगळे तीन फिन्सकडे निघाले तेव्हा तो एकाच फिनवर अडून राहिला. १९८३ मध्ये 'ऑस्ट्रेलिया २' या शिडाच्या नौकेने अमेरिकाज कप जिंकला. तिच्या तळाला नौका घडवणाऱ्या बेन लेक्सनचा पंखवाला कणा होता. होरनने त्याच लेक्सनबरोबर बोर्डासाठी पंखवाली फिन केली. इंजिनीयर म्हणून मला ही कल्पना भारी वाटते, पण ती चालली नाही. नौका तासन् तास एका दिशेने कललेली असते, तिचा कणा त्या स्थिर अवस्थेसाठी घडवता येतो. बोर्ड दर दोन सेकंदांनी कूस बदलतो.

अँडरसनने पेटंट घेतलं नाही. ब्रुकव्हेलच काय, कॅलिफोर्नियातल्या शेपरांनीही मांडणी उचलली आणि ऐंशीचं दशक अर्धं सरेपर्यंत तीच रीत झाली. पेटंट घेतलं असतं तर टिकलं असतं का, याची मला शंका आहे. बॉन्झर आधीचा, विल्यम्सचा तुकडा आधीचा. 'तिन्ही सारख्या आणि लहान' एवढ्यावर वकील किती लढला असता? पैसे मात्र इतरांनी केले, आणि नॅराबीनला अजून लोक त्याबद्दल त्याच्यापेक्षा जास्त चिडतात.

गेल्या महिन्यात मुलाने नवा बोर्ड आणला. थ्रस्टर त्याला आता म्हाताऱ्यांचा वाटतो. मी बोर्ड उलटा केला. कडेजवळ दोन मोठ्या फिन्स, ऐटदार, रिचर्ड्सच्या वळणाच्या. आणि शेपटीजवळ, मधोमध, अंगठ्याएवढी एक फिन. दुकानदाराने ती वेगळ्या पुडीत दिली होती, वर दोन जादा स्क्रू घालून.